मोटारीच्या कमानीचा हिशेब

इंग्रजी भाषेत वसंत ऋतूला आणि गाडीखालच्या कमानीला एकच शब्द आहे. दोहोंच्या मुळाशी उसळी घेण्याची कल्पना आहे. म्हणून वसंतातल्या व्याख्यानमालेत कमानीवर बोलावयास आम्हांस बोलावले, असा विनोद संयोजकांपैकी एका गृहस्थांनी केला. खरे कारण निराळे आहे. आमचे शालेय शिक्षण सातवीपर्यंत. १९८८ साली पाटे बनविणाऱ्या एका कारखान्यात आम्ही भट्टीवर लागलो. पुढे युनियनचे काम अंगावर आले आणि तेच आयुष्याचे काम होऊन बसले. कमानीचे गणित आम्ही शिकलो ते रद्दीच्या दुकानात मिळालेल्या एका जुन्या इंग्रजी पुस्तकावरून, शब्दकोश शेजारी ठेवून. तेव्हा आमच्या विवेचनात पंडितांची सफाई नसेल; पण हिशेब तपासून पाहिलेला आहे.

हे गणित शिकावे असे आम्हांस का वाटले, ते आधी सांगितले पाहिजे. कमान तुटली की पहिला प्रश्न विचारला जातो तो हा की, दोष कोणाचा? गाडीचा मालक ड्रायव्हरकडे बोट दाखवितो, ड्रायव्हर कारखान्याकडे, आणि कारखान्यात ते बोट खाली खाली येत शेवटी भट्टीवरच्या माणसापाशी थांबते. या प्रश्नाचे उत्तर आवाज चढवून मिळत नाही. ते मोजून आणि हिशेब मांडून मिळते. मोटारीच्या आरंभीच्या पन्नासएक वर्षांत हे मोजणे आणि हा हिशेब माणसाने कसा साध्य केला, ते आज पाहावयाचे आहे.

टांग्याची कमान मोटारीला

पाट्यांची कमान मोटारीपेक्षा पुष्कळ जुनी. लंडनच्या ओबादाया इलियट या गाडी-कारागिराने १८०४ च्या सुमारास लंबवर्तुळाकार कमानीचे पेटंट घेतले. वाकविलेले पोलादी पाटे एकावर एक रचून मध्ये बांधावयाचे, आणि तसे दोन जुडगे समोरासमोर टोकांशी जोडावयाचे. त्यामुळे गाडीचा सांगाडा हलका करता आला आणि बसणाऱ्याची हाडे शाबूत राहू लागली. आपल्याकडच्या टांग्याखाली आपण जी कमान पाहिली ती याच कुळातली.

जर्मनीत कार्ल बेंझ यांनी १८८६ च्या जानेवारीत आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट मागितले. त्या गाडीच्या मागच्या बाजूला घोडागाडीचीच लंबवर्तुळाकार कमान होती. यात नवल नाही. कमानी करणारे कारागीर घोडागाडीच्या धंद्यातले, त्यांचे ठोकताळे घोडागाडीचे. अमक्या वजनाच्या गाडीला अमुक पाटे, अमुक जाडीचे, हे बाप मुलाला सांगे. घोडागाडीला ते पुरत असे, कारण घोडा स्वतःच खड्डा पाहून पाऊल टाकतो आणि फार वेगाने पळतही नाही.

मोटारीने हा ठोकताळा मोडला. इंग्लंडमध्ये १८९६ च्या कायद्याने मोटारीला ताशी १४ मैलांपर्यंत मुभा मिळाली आणि १९०३ च्या कायद्याने ती २० मैलांवर गेली. आता असे पाहा. चाक उंचवट्यावर चढते तेव्हा त्याला वर जाण्याचा जो वेग मिळतो तो गाडीच्या वेगाच्या प्रमाणात असतो, आणि धक्क्यातील शक्ती त्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ८ मैलांनी जाणारी गाडी २४ मैलांनी जाऊ लागली तर वेग तिप्पट होतो, पण धक्का नऊपट. हवेच्या टायरने पुष्कळ काम हलके केले. डनलॉप यांचा टायर १८८८ चा, आणि मिशलाँ बंधूंनी १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत तो मोटारीला लावून दाखविला. परंतु टायर बारीक खडे गिळतो; मोठा खड्डा कमानीलाच सोसावा लागतो. म्हणून जुन्या मोटारवाल्यांना वाटेत पाटा तुटणे हे नित्याचे दुखणे होते. बापाने मुलाला सांगितलेला ठोकताळा आता अपुरा पडला. हिशेब हवा होता.

शंकरपाळ्याचे गणित

हिशेबाचा पाया मात्र मोटारीच्या दोनशे वर्षे आधी घातला गेला होता. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७६ साली आपला शोध अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपात छापला आणि १६७८ साली त्याची उकल दिली : जेवढा ताण तेवढे बल. कमानीवर १०० किलो ठेवले आणि ती दोन सेंटिमीटर दबली, तर २०० किलोंना ती चार सेंटिमीटर दबेल. वजन काढले की पूर्ववत होईल. मर्यादेच्या आत पोलाद इतके प्रामाणिक असते.

पण नवी कमान बनवावयाची असता ती किती दबेल, हे आधी कसे सांगावे? हे काम फ्रान्सच्या एदुआर फिलिप्स या इंजिनियराने केले. रेल्वेच्या डब्यांखालील पोलादी कमानींवर त्यांचा प्रबंध १८५२ साली प्रसिद्ध झाला, आणि मोटारीच्या कमानीचा हिशेब पुढे त्याच वाटेने गेला.

त्याचे मर्म घरातल्या शंकरपाळ्यावरून समजते. एक मोठा, लांबट शंकरपाळ्याच्या आकाराचा पोलादी पत्रा घ्या. दोन्ही टोके टेकवा आणि मध्यावर भार ठेवा. मधला भाग सर्वांत जास्त वाकवला जातो, पण तेथे पत्रा रुंदही सर्वांत जास्त आहे; टोकांकडे वाकवणारे बल कमी, तेथे पत्राही अरुंद. त्यामुळे पोलादावरचा ताण सर्वत्र सारखा पडतो आणि कोठलाही भाग बसून खात नाही. मात्र एवढा रुंद पत्रा गाडीखाली मावणार कसा? म्हणून त्याच्या लांबीच्या दिशेने पट्ट्या कापा, मधली पट्टी सर्वांत लांब ठेवा, दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांच्या जोड्या करून त्या उतरत्या लांबीने तिच्याखाली रचा. झाली आपली पाट्यांची कमान. खालचे पाटे आखूड का असतात, या प्रश्नाचे उत्तर हे.

यावरून दोन सूत्रे निघतात. ती आम्ही शब्दांत सांगतो, कारण आम्हीही ती शब्दांतच पाठ केली.

पहिले सूत्र, कमान किती दबेल. वर मांडा : भार, त्याला लांबीच्या घनाने गुणा, त्याची तिप्पट करा. खाली मांडा : पोलादाच्या लवचिकतेचा अंक, पाट्यांची संख्या, रुंदी आणि जाडीचा घन, यांचा गुणाकार, त्याची आठपट करा. वरच्याला खालच्याने भागा.

दुसरे सूत्र, पोलादावर ताण किती पडेल. वर : भार गुणिले लांबी, त्याची तिप्पट. खाली : पाट्यांची संख्या, रुंदी आणि जाडीचा वर्ग यांचा गुणाकार, त्याची दुप्पट.

आता एक उदाहरण सोडवू. जुन्या धाटणीची चार माणसांची मोटार; कमानींवर एकूण भार १२०० किलो, म्हणजे चार कमानींपैकी प्रत्येकीवर ३०० किलो. कमानीची लांबी १०० सेंटिमीटर, पाटे ७, रुंदी ५ सेंटिमीटर, जाडी ६ मिलिमीटर. पोलादाच्या लवचिकतेचा अंक दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २१ लाख किलो. आकडे घालून पाहा : कमान ७.१ सेंटिमीटर दबते आणि ताण दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३५७० किलो येतो. खड्ड्यात भार क्षणभर दुप्पट झाला तर ताण ७१४० वर जाईल. पाणी दिलेले चांगले पोलाद ११,००० च्या आसपास कायमचे वाकू लागते. तेव्हा ही कमान टिकेल.

पण ती कडक आहे. बसणारा तक्रार करतो. तिला मऊ करण्याचे दोन मार्ग आहेत. एक, लांबी १०० वरून १२० सेंटिमीटर करा. घनामुळे कमान आता सव्वाबारा सेंटिमीटर दबेल आणि ताण वाढेल फक्त वीस टक्के. दुसरा मार्ग, लांबी तीच ठेवून जाडी ६ वरून ५ मिलिमीटर करा. कमान तेवढीच मऊ होईल, तीच सव्वाबारा सेंटिमीटर; पण ताण चव्वेचाळीस टक्के वाढेल. पहिल्या मार्गाने पोलाद वीस टक्के जास्त लागते, दुसऱ्याने जवळजवळ सतरा टक्के वाचते. गाडीत बसून पाहिले तर दोहोंत फरक कळणार नाही. फरक कळेल तो काही महिन्यांनी, रस्त्यात. एवढी एकच गोष्ट आपण आज घरी नेलीत तरी आमचे काम झाले : पोलाद वाचविले की ताण वाढतो, आणि तो वाढलेला ताण पुढे कोणाला तरी भोगावा लागतो.

पाऊल आणि कमान

कमान किती मऊ असावी याचेही माप लवकरच सापडले. कमानीवरची गाडी वरखाली झुलते. मिनिटाला किती वेळा झुलेल हे काढण्याची रीत फार सोपी आहे. उभ्या गाडीच्या भाराने कमान जितके सेंटिमीटर दबते त्याचे वर्गमूळ काढा आणि ३०० ला त्याने भागा. आपल्या पहिल्या कमानीचे उत्तर येते ११३, लांब केलेलीचे ८६.

इंग्लंडचे फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १८९५-९६ मध्ये आपली पहिली मोटार बांधली. या विलक्षण बुद्धीच्या माणसाने या प्रश्नाकडे माणसाच्या बाजूने पाहिले. चालताना आपले शरीर प्रत्येक पावलागणिक थोडे वरखाली होते, मिनिटाला शंभराच्या आसपास, आणि जन्मभराच्या सवयीने आपल्याला त्याचा त्रास होत नाही. गाडीचे झुलणे त्या चालीच्या जवळपास ठेवले तर शरीर ते आपले म्हणून स्वीकारते. म्हणून त्यांच्या गाड्यांना लांब आणि मऊ कमानी असत.

याच प्रश्नाचे दुसरे अंग उलगडले ते मॉरिस ऑली यांनी. रोल्स-रॉइसमधून ते १९३० साली अमेरिकेत कॅडिलॅककडे गेले. तोवर पुढच्या कमानी मागच्यांपेक्षा पुष्कळ कडक ठेवण्याची पद्धत होती, आणि गाडी रस्त्यावर घोड्यासारखी पुढेमागे डुलत असे. ऑली यांनी १९३२ च्या सुमारास एक चाचणीची गाडी बनविली; तिच्या पुढेमागे वजने सरकविता येत आणि कमानी बदलता येत. माणसांना तीत बसवून त्यांनी निष्कर्ष काढला की पुढची कमान मागचीपेक्षा मऊ हवी. कारण सोपे आहे. उंचवटा आधी पुढच्या चाकाला लागतो, मागच्याला थोड्या वेळाने. मागची कमान थोडी जलद झुलली तर ती पुढचीला गाठते, दोन्ही टोके एकदम वरखाली होतात आणि डुलणे थांबते. मात्र मऊ पाट्यांच्या कमानीवर पुढचा आस डगमगे, म्हणून १९३४ च्या मॉडेलांपासून जनरल मोटर्सने पुढची चाके स्वतंत्र टांगण्याची व्यवस्था आणली. आजच्या बहुतेक मोटारींना पुढे गुंडाळीची स्प्रिंग दिसते. ट्रकखाली मात्र पाटे अजून आहेत.

कमानीची परीक्षा

कागदावरचा हिशेब पोलादाने पाळला की नाही, हे पाहण्यासाठी परीक्षा.

पहिली परीक्षा पाण्याची. पाटा लालबुंद तापवून, ८५० अंशांच्या वर, आकारात वाकवितात आणि तेलात बुडवितात. याला आमच्याकडे पाणी देणे म्हणतात, मग ते तेल का असेना. या अवस्थेत पोलाद काचेसारखे ठिसूळ असते. म्हणून ते पुन्हा ४५० ते ५०० अंशांपर्यंत तापवून पाणी उतरवितात. जुने कारागीर रंगावरून उष्णता ओळखत. पाट्याला तेल फासून ते पेटेपर्यंत तापवावयाचे, अशीही रीत होती. अनुभवी डोळा क्वचितच चुके, पण ढगाळ दिवशी आणि कडक उन्हात लाल रंग सारखा दिसत नाही. १८८० च्या दशकात ल शातेलिए यांनी उष्णता मोजण्याचे भरवशाचे विद्युत साधन दिले. पुढे स्वीडनच्या ब्रिनेल यांनी १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात आपली कठीणपणाची परीक्षा मांडली. दहा मिलिमीटरची पोलादी गोळी ३००० किलोंनी दाबावयाची आणि उठलेल्या खळीचा व्यास मोजावयाचा. कमानीचे पोलाद साधारण ३७५ ते ४४० या अंकांत हवे. कमी आले तर कमान बसेल, जास्त आले तर तडकेल. ही परीक्षा आम्हांस फार मोलाची वाटते. पाणी नीट दिले की नाही, हे पाट्यालाच विचारता येते; पाणी देणाऱ्याच्या शत्रूला किंवा मित्राला विचारावे लागत नाही.

दुसरी परीक्षा भाराची. कमान उलटी करून प्रेसखाली ठेवतात, टोकांना लहान चाके देतात, म्हणजे ती मोकळी पसरू शकते. मग पन्नास-पन्नास किलोंच्या टप्प्याने भार चढवीत आणि तसाच उतरवीत कमानीची उंची लिहून घेतात. येथे एक मौज दिसते. चढताना आणि उतरताना त्याच भाराला उंची वेगळी येते, कारण पाटे एकमेकांवर घासतात. खरा आकडा दोहोंच्या मध्ये असतो. हे घासणे सर्वस्वी वाईट नाही, त्याने झुलणे लवकर थांबते. पण पाटे गंजले की घासणे वाढून कमान आखडते. म्हणून जुन्या चांगल्या मोटारींच्या कमानींना ग्रीस भरून कातड्याचे मोजे घालीत. कमान मऊ होत गेली तशी नुसत्या घासण्याने भागेना, आणि निराळे शॉक अ‍ॅब्सॉर्बर लावावे लागले. ट्रुफो यांच्या घर्षणाच्या साधनावरून हार्टफर्ड यांनी ते १९०४ च्या सुमारास अमेरिकेत बाजारात आणले.

तिसरी परीक्षा दाबून बसविण्याची, इंग्रजीत स्क्रॅगिंग. नवी कमान नेहमीच्या भारापेक्षा पुष्कळ अधिक भाराने लागोपाठ दाबतात. पहिल्या एकदोन दाबांत ती थोडी बसते. नंतर बसता कामा नये. बसतच राहिली तर एक तर पोलाद मऊ आहे किंवा पाटे पातळ आहेत.

पोलादाचा थकवा

या तिन्ही परीक्षांत उत्तीर्ण झालेली कमानही वर्षभराने, साध्या रस्त्यावर, साध्या भाराखाली तुटते. हे कोडे रेल्वेने प्रथम घातले. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडला, डबे पेटले आणि पन्नासहून अधिक माणसे मेली. तुटलेल्या तोंडावर चमकदार दाणे दिसत, म्हणून पोलादाचे हादऱ्यांनी स्फटिक होतात असे लोक दीर्घकाळ मानीत. तो समज चुकीचा होता.

जर्मन रेल्वेचे इंजिनियर आउगुस्ट व्होलर यांनी १८५० च्या दशकापासून १८७० पर्यंत यंत्रे बांधून आस लक्षावधी वेळा वाकवून पाहिले. त्यांना असे आढळले की एका तडाख्यात मोडण्यास लागतो त्याहून पुष्कळ कमी ताण वारंवार दिला तरी पोलाद मोडते. आणि ताण एका मर्यादेखाली ठेवला तर ते जवळजवळ अनंत काळ टिकते. यालाच धातूचा थकवा म्हणतात. कामगारांत आयुष्य काढलेल्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

थकव्याने तुटलेला पाटा आपली हकीकत स्वतः सांगतो. तुटलेल्या तोंडाचे दोन भाग दिसतात. एक भाग गुळगुळीत, शिंपल्यावर असतात तशा वळसेदार रेघांचा, पुष्कळदा गंजाने काळवंडलेला : येथे चीर हळूहळू वाढत होती. दुसरा भाग खडबडीत, दाणेदार, ताजा : उरलेले पोलाद शेवटच्या क्षणी येथे फाटले. गुळगुळीत भाग निम्म्याहून मोठा असेल तर समजावे की कमान त्या दिवशी फक्त पडली. मरू लागली होती केव्हाच. त्या दिवशीच्या ड्रायव्हरला त्याबद्दल दोष देता येणार नाही.

हे कळल्यावर कारखान्यांनी कमानी यंत्रावर तुटेपर्यंत वरखाली दाबून पाहण्यास आरंभ केला, आणि पोलादही सुधारले. सिलिकॉन-मँगेनीज आणि क्रोम-व्हॅनेडियम ही कमानीची पोलादे तेव्हाची. १९०८ ते १९२७ पर्यंत दीड कोटीहून अधिक बनलेल्या फोर्डच्या मॉडेल टी मोटारीत व्हॅनेडियम पोलाद वापरले होते. तिला पुढे एक आणि मागे एक अशा दोनच आडव्या कमानी होत्या. पुढे जनरल मोटर्सच्या संशोधनशाळेतील ऑल्मेन यांनी छर्‍यांच्या माऱ्याने पृष्ठभाग ठोकून थकव्याची चीर कशी रोखता येते, याचा अभ्यास केला. ते काम आजही पाट्यांच्या कारखान्यांत चालते.

आपल्या इकडे

जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना काढला. त्या गाड्यांबरोबर परदेशी हिशेब आला; रस्ता आणि भार मात्र आपला राहिला. त्यातून आपल्या मिस्त्रींची एक रीत रूढ झाली : कमान बसली की एक पाटा वाढवावयाचा. सूत्राने पाहिले तर पाटा वाढविल्याने ताण कमी होतो, हे खरे. गाडी कडक होते, हेही खरे. पण वाढविलेला पाटा इतरांहून जाड असेल तर सर्व पाटे सारखेच वाकत असल्यामुळे जाड पाट्यावर ताण अधिक पडतो आणि आधी तोच तुटतो. मिस्त्री म्हणतो, पाटा खराब निघाला. पाटा चांगला होता, हिशेब नव्हता.

आता शेवटची गोष्ट. १९९७ साली आमच्या कारखान्यातून गेलेल्या ट्रकच्या काही कमानी थोड्याच महिन्यांत तुटून परत आल्या. भट्टीवरच्या एका जुन्या कामगाराला आरोपपत्र मिळाले : पाणी देण्यात निष्काळजीपणा. तो निलंबित झाला, निम्म्या पगाराच्या निर्वाह भत्त्यावर घरी बसला. चौकशीत त्याच्या बाजूने बोलावयास आम्ही उभे राहिलो. घोषणा देण्यास माणसे तयार होती. आम्ही त्यांना थांबविले आणि चौकशी अधिकाऱ्यांकडे दोनच गोष्टी मागितल्या : तुटलेल्या पाट्यांची ब्रिनेल परीक्षा करा, आणि मायक्रोमीटर आमच्या हातात द्या.

कठीणपणा ४०० च्या आसपास आला, म्हणजे पाणी बरोबर होते. जाडी नकाशात ८ मिलिमीटर होती. पाटे भरले ७.४. झीज म्हणावी तर गोदामातल्या न वापरलेल्या पट्ट्याही तेवढ्याच भरल्या. पट्टी स्वस्तात, पातळ विकत घेतली गेली होती, आणि घाईच्या महिन्यात भाराची परीक्षा वगळली होती. कागदावर आम्ही दोन ओळी मांडल्या. ८ चा वर्ग ६४, ७.४ चा वर्ग ५४.७६, म्हणजे ताण सतरा टक्के अधिक. घन काढला तर कमान सव्वीस टक्के जास्त दबणारी. ताण एवढा वाढला तर थकव्याचे आयुष्य निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येऊ शकते. चौकशी अधिकारी भले गृहस्थ होते. त्यांनी तो गुणाकार स्वतः पुन्हा करून पाहिला.

आरोप मागे घेतला गेला. कामगार अकरा महिन्यांनी कामावर आला. पातळ पट्टी कोणी घेतली, भाराची परीक्षा कोणी वगळली, हा प्रश्न मात्र कोणीही कोणाला विचारला नाही. त्या अकरा महिन्यांत त्याच्या मुलीचे कॉलेज सुटले, ते पुन्हा सुरू झाले नाही. ही नोंद कोणत्याच कागदावर नाही, म्हणून येथे करतो.

न्यायासाठी दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दोन वर्षांनी असेच एक प्रकरण आले, आणि या वेळी ब्रिनेलचा अंक ३१० निघाला. जाडी बरोबर होती. आमच्याच माणसाने घाई केली होती. युनियनच्या बैठकीत पुष्कळ गरमागरमी झाली. मोजमापच खोटे आहे असे म्हणा, असा आग्रह झाला. आम्ही म्हणालो, मागच्या खेपेस ज्या गोळीच्या खळीने आपला माणूस वाचला, तीच खळी आज विरुद्ध गेली म्हणून खोटी ठरवाल, तर पुढच्या खेपेस तिचा आधार कोणत्या तोंडाने घ्याल? आम्ही चूक मान्य केली आणि शिक्षा सौम्य व्हावी एवढेच बोललो. काही सभासद त्यानंतर आमच्याशी वर्षभर बोलत नव्हते.

श्रोतेहो, आज हा सगळा हिशेब संगणक क्षणात करून देतो. त्यात वाईट काही नाही. पण संगणकाने दिलेली जाडी आणि प्रत्यक्ष पट्टीची जाडी एकच आहे की नाही, हे कोणी तरी हातात मायक्रोमीटर घेऊन पाहावेच लागते. आपल्यापैकी कित्येकांची मुले कारखान्यांत जातील, कित्येकजण एसटीने आणि ट्रकने माल पाठवितात, कित्येकजण उद्या एखाद्या चौकशीत साक्षीदार म्हणून बसतील. कमान तुटल्याचे ऐकाल तेव्हा कोण चुकले हे विचारण्याआधी तीन गोष्टी विचारा : कठीणपणा किती होता, जाडी किती होती, आणि तुटलेल्या तोंडाचा गुळगुळीत भाग केवढा होता. एवढे विचारावयास सातवीचे शिक्षण पुरते, हे आम्ही अनुभवाने सांगतो.